आत्मारामने निवडलेला एडिटर

मांडवीचा आत्माराम मयेकर मोठा गप्पिष्ट, पण गप्पा मारणार कोणाशी? बायको हौसा देवाघरी गेली, मुलगा मुंबईत गोदीत चिकटला. घरी पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. सत्त्याऐंशी साली त्याचं काय ते बोलणं व्हायचं मासळीच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत.

होड्यांचे हिशेब, बर्फ, डिझेल, पगार, सगळ्याचे प्रोग्राम त्यानेच लिहिलेले. लिहिता लिहिता ढीगभर फायली झाल्या. प्रोग्राम लिहायचं-बदलायचं साधन म्हणजे एडिटर; जुन्या एडिटरवर एका वेळी एकच फाईल उघडायची, तीही ओळीओळीने बघायची. त्यामुळे काय कुठे आहे ते ठाऊक फक्त आत्मारामला. शेजारच्या टेबलावरची गुणवंती सारखी उठून यायची, काका, बर्फाचा दर कुठे हो? हा फाईल सांगायचा, आणि मग बोंबील मिळाले काय, आईचे गुडघे कसे आहेत, असं लांबत जायचं. त्याचा अख्खा दिवस त्यावर निघायचा. त्याने हे कधी कबूल केलं नसतं, ते सोडा.

एकदा तो तापाने घरी असताना गुणवंतीने डिझेलचा दर एका फाईलीत बदलला, दुसरीतला राहून गेला. होडीवाल्यांचे हिशेब चुकले. ते येऊन तिला नाही नाही ते बोलले. पोरगी ढसाढसा रडली.

मग साहेबांनी मुंबईहून दोन नवे एडिटर आणले आणि निवड आत्मारामवर सोपवली. एक नुसता पडदाभर फाईल दाखवायचा. दुसऱ्यात शब्द टाकला की सगळ्या फायली धुंडाळून तो कुठे कुठे आहे ते समोर हजर. आत्मारामच्या मनात आलं, हा आला की आपल्याला विचारतंय कोण? पहिला चांगला म्हटलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मेला धड जेवलासुद्धा नाही. पण रडणारी गुणवंती डोळ्यांपुढून हलेना.

"दुसरा घ्या," तो साहेबांना म्हणाला. मारून घेतला पायावर धोंडा, दुसरं काय!

गुणवंतीचं काम भराभर व्हायला लागलं. आठवडा गेला, ती काही उठून आली नाही. शेवटी हाच उठला आणि तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. पगाराची बेरीज कुठे होते ते त्याने झोपेतही सांगितलं असतं. तरी त्याने विचारलं, "गुणवंती, पगाराची बेरीज कुठल्या फाईलीत गो?"

तिने मान वर केली नाही. "शोधा ना काका, तुमच्या मशीनवरपण आहे की आता."

खरंच की, म्हणत आत्माराम जागेवर येऊन बसला. त्याने शब्द टाकला. उत्तर लगेच आलं.