पाण्याखालचा पिट्टू

आमच्या कोरेगावात समुद्राचा विषय काढला की लोक गोव्यावर घसरतात, आणि गोव्यावर घसरले की समुद्र राहतो बाजूला. म्हणून समुद्राच्या तळाशी जायला जे जाकीट लागतं ते मी कित्येक महिने निवडत होते, हे मी फारसं कुणाला सांगितलं नाही. शाळेत भूगोल शिकवणारी, लग्न न केलेली, डोक्याचे केस पांढरे झालेली बाई. तिनं साडी निवडावी, फार तर मिक्सर निवडावा. जाकीट कसलं निवडते?

याला सुरुवात झाली शिक्षकांच्या कोकण सहलीत. सगळ्यांनी तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घातलं, फोटो काढून घेतले आणि मासे खायला पळाले. मी तिथंच अडकले. पुढच्या सुट्टीत एकटी जाऊन रीतसर शिकून आले. पोहणं मला लहानपणापासून येत होतं. वडील फौजेत होते; एकदा रजेवर आले तेव्हा पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचा बिंडा माझ्या पाठीला बांधून त्यांनी मला मळ्यातल्या विहिरीत ढकललं होतं. काठावर आई टॉवेल घेऊन उभी. "आवं, पोरीची जात हाय, सांबाळा," म्हणून ओरडत होती. तिच्या आवाजात वडिलांना उद्देशून एवढीच काय ती तक्रार मी आयुष्यात ऐकली.

लोकांना वाटतं, ते जाकीट बुडू नये म्हणून घालतात. तसं नाही. पाठीवर हवेची टाकी असते, कमरेला शिशाची वजनं असतात, आणि जाकिटाच्या आत एक पिशवी असते. नळीतून तिच्यात हवा सोडली की माणूस वर येतो, काढली की खाली जातो, आणि नेमकी ठेवली की ना वर ना खाली, जिथल्या तिथं थांबतो. हात हलवायचे नाहीत, पाय मारायचे नाहीत. समोरून मासे जातात, ते आपल्याला काही विचारत नाहीत. मी वेडी झाले ती या थांबण्यासाठी. तिथं कुणी मला हाक मारू शकत नाही.

अडचण एवढीच, की भाड्यानं मिळणारी जाकिटं धिप्पाड गड्यांच्या मापाची. मी पाण्यात उतरले की जाकीट वर सरकून कानाशी यायचं आणि मी खाली लोंबकळायची, मांजरीनं पिलू मानगुटीला धरावं तशी. शिकवणारा मुलगा मालवणचा. तो हसून म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतःचंच घ्या. हलकं, घडी होणारं, प्रवासाला नेता येईल असं. मग अंदमानला जा. इथलं पाणी म्हणजे नुसती बालवाडी." अंदमान हा शब्द त्यानं सहज टाकला, आणि मी तो सांभाळून घरी घेऊन आले.

घरी आई होती.

आईबद्दल सांगायचं तर आधी तिची ख्याती सांगायला हवी. आमच्या आळीत घरटी एक फौजी. रजा संपवून माणूस निघाला की बायकोनं त्याच्या उजव्या तळहातावर दही घालायचं. त्यानं 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. तिनं 'कधी येणार' विचारायचं नाही. बाकीच्या बायका पदर तोंडात कोंबायच्या. आई तसलं काही करत नसे. ती वडिलांचा पिट्टू उचलून त्यांच्या खांद्यावर चढवायची. फौजेत पाठीवरच्या पिशवीला पिट्टू म्हणतात. त्याचे पट्टे ओढून, आवळून, एक थाप मारून बघायची आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत ताठ उभी राहायची. "लय घट काळजाची बाई," म्हणून शेजारणी तिचं कौतुक करत. एकदा असं कौतुक झालं की माणसाला रडायची सोय राहत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

वडील धडधाकट परत आले, पेन्शन घेतली, ऊस लावला, आणि म्हातारपणी आपल्याच खाटेवर गेले. त्यानंतर आईचं विसरणं सुरू झालं. आधी ती लावलेला दिवा परत लावायला जायची. मग घरातून निघून एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागली. ओळखीचं कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं. "कुणाची वाट बघतेस?" मी विचारायचे. "साताऱ्याची गाडी कवा येतीया?" ती मलाच विचारायची. आता ती परकराची नाडी बांधू शकत नाही. दर दहा मिनिटांनी मला हाक मारते. मी गेले की कशाला हाक मारली ते तिला आठवत नाही, आणि मी दिसले नाही तर घाबरून भिंतीला धरते.

शाळेच्या वेळात तिच्याजवळ एक बाई असते, वडूजकडची. दुष्काळी भागात वाढलेली, मेंढरांमागं चाललेली, तोंडाची फटकळ. मला फोनवर जाकिटं बघताना तिनं पकडलं. सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाली, "म्हंजी पाण्याच्या बुडात जाऊन नुसतं थांबायचं? काय आणायचं न्हाई, धरायचं न्हाई?"

"नाही."

"आमच्याकडं पाणी बुडात गेलं म्हणून रडत्यात, आन तुमी पाण्याच्या बुडात जाया रडताय. लय अवघड हाय बाई तुमचं."

तरी माझं माप तिनंच घेतलं, शिंप्याची टेप धरून. छाती, कंबर, खांद्यापासून कमरेपर्यंतची पाठ. आई खाटेवरून बघत होती. "चोळीला कापड किती लागंल?" तिनं विचारलं.

निवडायला बसले तेव्हा कळलं, हलकं जाकीट म्हणजे त्यातून काय काय काढून टाकलंय ते बघायचं. पाठीची जाड गादी काढलेली. लोखंडी कड्यांच्या जागी प्लास्टिकची. खिसे एक-दोन. काहींत हवेची पिशवी पोटाभोवती येते. ती पाण्यावर तरंगताना बरी, पण आत गेल्यावर बरगड्या आवळते. काहींत ती फक्त पाठीमागं असते. पाण्याखाली हात मोकळे, पण वर आल्यावर ती माणसाला तोंडावर पालथं पाडू बघते. हलक्या जाकिटात हवा कमी मावते, पण उबदार समुद्रात पातळ पोशाख घालून उतरणाऱ्या माझ्यासारखीला ती पुरते. सगळं मिळून वजन गुळाच्या किलोच्या दोन रव्यांएवढं. विमानाच्या बॅगेत सहज बसलं असतं. दुपारी शाळेतून आले, आईचा डोळा लागला, की मी हे वाचत बसायची. तेवढा वेळ मी अंदमानला जाणारी बाई असायची.

मग एकदा धीर करून भावाला फोन लावला. तोही फौजेत, लांब कुठंतरी बर्फात. वहिनी मुलांच्या शाळेसाठी पुण्यात. म्हटलं, आठवडाभर कुणीतरी आईजवळ राहा. मला जायचंय. तो म्हणाला, "आई तुझ्याशिवाय कुणाकडं राहत न्हाई गं, तुला ठावं हाय. मागं तुझ्या वहिनीकडं ठेवली तर रात्रभर दार वाजवत बसली. तू हायस म्हणून मी हितं निर्धास्त हाय. तुझ्यासारखी लेक लाखात एक."

फोन ठेवला आणि मला इतका संताप आला की हातातली कपबशी मी मोरीत आपटली. लाखात एक! त्याचं चुकलं काहीच नव्हतं, म्हणून तर संताप. बर्फातल्या माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

तरीही मी जाकीट मागवायचं ठरवलं. पुण्याच्या दुकानदाराला फोनवर सगळं विचारलं, आणि शेवटी विचारलं, "न वापरता ठेवलं तर किती वर्षं टिकतं?"

"मॅडम, आतली पिशवी चिकटून खराब होते. अधूनमधून थोडी हवा भरून ठेवायची. पण वापरायचं नसेल तर घेताय कशाला?"

माझ्या जाण्याची एकच तारीख होती आणि ती कुठल्याही कॅलेंडरात नव्हती. आई असेपर्यंत मी जाणार नव्हते. म्हणजे जाकीट निवडताना रोज दुपारी मी काय करत होते? आईचं उरलेलं आयुष्य आणि त्या रबरी पिशवीचं आयुष्य शेजारी ठेवून बघत होते. जिला मी हातानं भरवते, जिचे केस विंचरते, ती खाटेवर झोपलेली, आणि मी तिच्या नंतरची खरेदी करतेय. मला माझीच किळस आली. किळस आली आणि तरी मागवलं. हेही खरंच.

जाकीट रविवारी आलं. वडूजच्या बाईची त्या दिवशी सुट्टी. आई नाश्ता करून खाटेवर बसली होती, बरी होती. मी आतल्या खोलीत आरशासमोर साडीवरच ते चढवलं, नळीत फुंकून थोडी हवा भरली. पिशवी पाठीशी फुगली. इतकं बरोबर बसलं की मला रडू फुटायचं बाकी राहिलं. आयुष्यात एक वस्तू माझ्या मापाची निघाली आणि तिला न्यायला जागा नाही.

तेवढ्यात आरशात मागं आई दिसली. भिंत न धरता उभी होती.

"पट्टा ढिला ऱ्हायलाय," ती म्हणाली.

मी वळणार तोच ती पुढं आली. परकराची नाडी न बांधता येणाऱ्या तिच्या बोटांनी खांद्याचा पट्टा पकडला, खाली ओढला, दुसरा ओढला, कमरेची क्लिप चाचपून लावली. मग पाठीवर एक थाप मारली. मालवणच्या मुलानंही मला असंच तपासलं असतं. मला सगळं कळलं.

"थांबा," ती म्हणाली. मला ती कधी अहोजाहो करत नाही.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. एरवी तिला फ्रिज कुठला आणि कपाट कुठलं ते सापडत नाही. वाटीत दही घेऊन आली. मी उजवा हात पुढं केला, आपोआप झाला. तिनं चमचाभर दही तळव्यावर घातलं. मी ते चाटलं. आता मी 'येतो' म्हणायचं आणि तिनं ताठ उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. लहानपणी दाराआडून इतक्यांदा बघितलेलं, मला पाठ होतं.

पण तिनं माझं मनगट सोडलं नाही.

"आवं," ती म्हणाली, अगदी हळू, जणू आळीतल्या बायका ऐकतील. "या बारीला न्हाई गेलं तर न्हाई का चालायचं?"

माझ्या लहानपणी वडील किती वेळा त्या वळणाआड गेले असतील. दरवेळी तिच्या पोटात हे वाक्य होतं आणि ती पट्टे आवळत होती. आत्ता तिच्या तोंडावर हसू नव्हतं, रडूही नव्हतं. वाट बघत होती, उत्तराची. वडील असते तर म्हणाले असते, हुकूम आहे, जायला पाहिजे. मला कुणाचाच हुकूम नव्हता. मला फक्त जायचं होतं.

'राहते' म्हटलं असतं तर नवऱ्याच्या जागी लेक उभी आहे हे तिला कळलं असतं. 'राहतो' म्हणायला माझी जीभ वळेना. मग सुचलं, वडिलांच्या आणि माझ्या, दोघांच्याही तोंडी शोभेल असं.

"रजा वाढवून घेतलीय," मी म्हणाले.

तिचा चेहरा उलगडला. इतक्या वर्षांत तो असा उलगडलेला मी पाहिला नव्हता.

"किती दिसाची?"

वडील तिला 'तू'च म्हणत आणि मीही 'तू'च म्हणते, म्हणून पुढचं सोपं गेलं. "तू म्हणशील तवर."

"मग उतरवा की त्यो पिट्टू," ती म्हणाली. "मी भाकरी टाकते."

भाकरी तिला आता येत नाही. मी कमरेची क्लिप काढली. पिशवीत हवा तशीच होती. नळीचं बटण दाबून धरलं, आणि ती सगळी निघून जाईपर्यंत आई माझं मनगट घट्ट धरून उभी राहिली.