कानाला न लावायचा फोन

निवृत्त झाल्यावर मी घरात कोणाला सुखाने बसू देईना, म्हणून मुलाने आणि सुनेने संगनमत करून मला कामाला लावलं असा माझा संशय आहे. भिवंडीजवळ टेमघरला आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची खोली वर्षातले अकरा महिने रिकामी असते. तिथे मी दर शुक्रवारी दुपारी चार वाजता मोबाईलचा वर्ग घ्यायला लागले. शुक्रवारी आजूबाजूचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात, त्यामुळे शिकवलेलं निदान ऐकू तरी येतं.

विद्यार्थी पंधरा-सोळा, बहुतेक साठीपुढच्या बायका. गॅसचा नंबर लावणं, लाइटबिल भरणं, रेल्वेचं तिकीट काढणं, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून मेडिकलवाल्याला पाठवणं, एवढाच आमचा अभ्यासक्रम. आयुष्यभर मी शाळेत गणित शिकवलं, पण इतके वांड विद्यार्थी पाहिले नव्हते. एकीने पाकिटाऐवजी स्वतःच्या अंगठ्याचे फोटो पाठवले आणि औषध आलं नाही म्हणून माझ्याशी भांडली. मीही भांडले. माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या गल्लीत कोणाला सांगावं लागत नाही.

या वर्गात शेलार गावाहून एक जोडपं यायचं. काकू गॅस बुकिंग शिकायला यायच्या आणि घरी एकटे नकोत म्हणून काकांना सोबत आणायच्या. काकांनी तीस वर्षं लूमवर काढली होती आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर डोक्यात पुन्हा लूम सुरू झाल्यासारखं वाटलं, म्हणून ते कपाटात पडून होतं. काकू त्यांच्याशी बोलायला लागल्या की खिडकीतली कबुतरं उडून जायची.

एका शुक्रवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून काकांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? त्यांनी सावकाश वाचलं आणि खोली दणाणेल अशा आवाजात सांगितलं, "माना माझे पोरीशी बोलायचा हाय."

मुलगी चार वर्षांपूर्वी लग्न होऊन सुरतेला गेली होती. तिचा रोज फोन यायचा. काकू अर्धा तास बोलायच्या आणि मग स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, पोर बरी हाय, जेवली.

"अर्धा तास बोलतान दोघी, नी माझे वाट्याला दोन शब्द," काका म्हणाले. "बाकीचा जातं कुठं?"

"सगला कसा वरडून सांगू?" काकू माझ्याकडे बघत पुटपुटल्या.

चार वर्षं हा माणूस स्वतःच्या मुलीशी धड बोललेला नव्हता. ते मी मनावर घेतलं. पहिल्या शुक्रवारी फोनचा आवाज पूर्ण वाढवला. दुसऱ्या शुक्रवारी मुलाचे इअरफोन ढापून आणले. तिसऱ्या शुक्रवारी, समोरचा बोलेल ते अक्षरात उमटवणारी सोय सुरू करून दिली. काका बोट ठेवून पहिला शब्द लावत, तोवर चार ओळी वर सरकून गेलेल्या असत. मी आधी काकांवर चिडले, मग फोनवर, मग फोन बनवणाऱ्यांवर. काकांनी रुमालाने फोन पुसला आणि काकूंच्या हातात दिला.

"ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले. "माझा काय, दोन शब्दांत भागतं."

त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी लाइटबिल शिकवत होते आणि मागे चुळबुळ चालली होती. एका कोपऱ्यात काका, दुसऱ्या कोपऱ्यात रेल्वेचं तिकीट काढायला शिकणारे एक भय्याजी. तेही लूमवरच म्हातारे झालेले, बिहारमधून आले ते भिवंडीचेच होऊन राहिलेले. काकांनी दोन बोटं चिमटीसारखी जुळवून फटकन उघडली. भय्याजींनी पोटावरून गोल हात फिरवला. मग दोघेही तोंड दाबून हसायला लागले. मी डस्टर आपटलं.

"काय चाललंय मागे?"

भय्याजी शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. "बातें कर रहे थे, मॅडम. लूम चालू असला की कान काय कामाचे? हात बघायचे, होंठ बघायचे. शेडमध्ये सगळे असंच बोलतात."

"आणि काय बोलत होतात?"

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "धागा टूट गया, असं हे बोलले. मी बोललो, सेठ गरम आहे." पोटावरून हात म्हणजे सेठ. आणि या खोलीतला सेठ कोण, ते साऱ्या वर्गाला कळलं. सगळ्याजणी हसल्या. मला मात्र हसूही येईना आणि रागही येईना. मी खुर्चीत बसले. तीन शुक्रवार मी या माणसाच्या कानांमागे लागले होते, आणि त्याचं सगळं बोलणं डोळ्यांनी चालत होतं.

"काकू, मुलीला येतं का हे हातांचं बोलणं?"

"तिला न्हाय येनार तं कुनाला? ल्हानपनी डबा घेऊन रोज शेडमधी तीच जायची. माना काय ता जमला न्हाय."

मी तिथल्या तिथे सुरतेला व्हिडिओ कॉल लावून फोन काकांच्या हातात दिला. काकांनी तो सवयीने कानाला लावला. मिनिटभर मुलीला बापाचा फक्त कान दिसत राहिला. फोन कानापासून सोडवला, तर त्यांनी तो एका हातात घट्ट धरला, आणि एका हाताने बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं. शेवटी कोणाचा तरी पोह्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि त्याला टेकवून फोन उभा केला. पलीकडेही तीच तऱ्हा. मुलीचं नुसतं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. "तूही टेकवून ठेव गं, हात मोकळे कर," मी ओरडले. तिने फोन पिठाच्या डब्याला टेकवला, मागे सरकली आणि दोन्ही हात वर केले.

आधी तिचे हात अडखळले. मग भरभर चालायला लागले. काकांचेही. लूम बंद होते, गल्ली शांत होती, आणि ती दोघं शेडमधल्यासारखी ओठ मोठे हलवत, बोटं नाचवत, मान डोलवत बोलत होती. आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, तरी कोणी जागचं हललं नाही. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

मध्येच भय्याजी उठले आणि सगळ्यांकडे पाठ करून भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचायला लागले. त्या खोलीत काकांखेरीज ते बोलणं समजणारे ते एकटेच होते.

काकांचे हात थांबले. आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज नसायचा. ते गरजले, "आगो, मी आजा होनार!"

काकूंनी झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. "गप ऱ्हावा! तिसरा महिना बी भरला न्हाय आजून!" पण तोवर सगळ्या बायकांनी टाळ्या पिटल्या होत्या.

काकांनी तोंडावरचा हात बाजूला केला. "तुला ठावं होता?"

काकूंनी होकारार्थी मान हलवली. काकांचा चेहरा उतरला होता. काकूंनी आमच्याकडे एकदा पाहिलं. कान टवकारून बसलेल्या इतक्या बायका. मग त्या काकांच्या अगदी समोर गेल्या आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून काहीतरी बरंच सांगितलं. काका एकटक बघत होते.

"खरा हाय," ते म्हणाले. "वरडून सांगतली असतीस तं आख्खे शेलारला कळला असता. पन आता सांगतलीस तसा सांगायचा व्हता ना."

काकू चक्रावल्या. "तुमाला समजला? मी तं आवाज पन न्हाय काढला."

"तीस वर्सा लूमवर काय केला मी? तुला वरडायला कोनी सांगतला? तू भिताडाकडं तोंड करून वरडतंस. माझेकडं बघून बोलतंस कवा?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग काय आठवलं कोण जाणे, त्यांनी तो चटकन खाली घेतला, काकांना ओठ दिसावेत म्हणून.