वडूज ते सांगली आणि मधला बांध

वडूजच्या स्टँडवर एसटीत पाय ठेवतानाच ठरवलं होतं, हसणाऱ्यांना हसू दे. फौजेतून निवृत्त झालेला हवालदार पन्नाशीत कॉलेजला निघाला, आणि तेही शांततापूर्ण सहजीवन आणि आंतरराष्ट्रीय न्याय शिकायला! सगळ्यात मोठ्याने हसला तो माझा शेतशेजारी बबन. आमचं बोलणं बंद, टोमणे चालू.

"बंदूक गंजली व्हय रं गड्या?"

शांतिसेनेत असताना आफ्रिकेत जळालेली गावं मी पाहिली. माणसं काय सांगतात ते आम्ही कागदावर उतरवून घ्यायचो. तो कागद पुढे कुठल्या कोर्टात जातो, जाळणाऱ्याचं काय होतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला ते शिकायचंच होतं.

खटावची कोरडी रानं मागे पडली. कडेगावला गाडी बदलली आणि दोन्ही अंगांना ऊस सुरू झाला. शेजारच्या सीटवर सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते. कुठे निघालो ते त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं.

"आवं फौजी, शांतता शिकायची कशाला? गप बसलं की झालं."

"गप बसलं की जाळणारा सुटतो, अण्णा."

"लय तिखट हाय तुमी," म्हणत त्यांनी भडंगाची (लसूण-मिरचीचे चुरमुरे) पुडी पुढे केली. ती उत्तराहून तिखट निघाली. डोळे पुसतच मी सांगलीत उतरलो.

कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखतीला एक तरुण सर आणि एक मॅडम होत्या. सर म्हणाले, "काका, हा तरुणांचा अभ्यासक्रम आहे. झेपेल?"

"बर्फातला पहारा झेपला, सर."

मॅडमनी शांतपणे विचारलं, "घराशेजारी, शेताशेजारी संबंध कसे आहेत?"

खोटं बोलावं असं मनात आलं. जीभ वळेना.

"बांधाचं भांडण हाय, मॅडम. बांध मीच कोरलाय. निवृत्त झाल्यापासनं दर नांगरटीला एक तास (नांगराची ओळ) शेजाऱ्याच्या रानात."

सरांनी फाइल मिटली. "कळवू."

"कळवा. पण वर्ग सुरू होईल त्या दिवशी मी दारात उभा असणार, एवढं लिहून ठेवा."

येताना कडेगावची गाडी चुकली. तासभर स्टँडवर उभा होतो आणि स्वतःवरच चिडलो होतो. परमुलखात दोन टोळ्यांच्या मधल्या रेषेवर छातीचा कोट केला, कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. आणि घरी येऊन हे धंदे!

गावात उतरलो तो इस्त्रीच्या शर्टातच रानात गेलो. खोरं घेऊन माती मागे ओढायला लागलो. बबन काठी घेऊन धावत आला.

"आता आणि किती खातूस रं?"

"खात न्हाई. खाल्लेलं ओकतोय."

त्याने मागे ओढलेली माती पायाने दाबून बघितली. मग खाली मान घालून म्हणाला, "वरच्या अंगाला मीबी दोन तास घेतल्यात तुझ्यात. तू आफ्रिकेत हुतास तवा."

माझं डोकं सणकलं. मी तिकडे लोकांचा बांध राखत होतो आणि हा इकडे माझा कोरत होता! खोरं उगारलंच होतं. तेवढ्यात त्याने काठी टाकली आणि हात पुढे केला.

"आण हिकडं. वरचा बांध माझा मी सारतो."

खोरं दिलं. घाम पुसत तो म्हणाला, "त्या कॉलेजच्या सायबानं तुझं नाव न्हाई घातलं तर सांग. दोघं जाऊ."