एक बाही लांब

वकिलातीत त्याला सगळे 'आवराआवर' म्हणत, तेही तोंडावर. आपल्या देशाचं कुणी या परक्या मुलखात एकटंच वारलं, की पोलीस खोलीची किल्ली आणून ठेवायचे ती याच्याच टेबलावर. मग हा सोबत साक्षीदार घेऊन खोली उघडायचा, सामानाची नोंद करायचा, नासणारं असेल ते विकायचा आणि बाकीचं काय करू म्हणून वारसांना फोन लावायचा. आणि वारस तरी कसले! "फक्त कागद पाठवा, बाकीचं तिकडंच टाका," हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

त्यानं या उत्तराचा धसकाच घेतला. लग्न केलेलं नव्हतं, मागं होती ती फक्त धाकटी बहीण. तिला असा फोन जायला नको, म्हणून हा पठ्ठ्या धडधाकट असतानाच स्वतःची निरवानिरव करू लागला. आज फोटो टाकले, उद्या पुस्तकं देऊन टाकली. अखेर खोलीत उरली एक खाट, एक खुर्ची, एक कप. भिंतीवरचे खिळेसुद्धा उपटले. कुणी याला शहाणपण म्हणेल. बघणाऱ्याला मात्र रडू यावं.

तो निवृत्त व्हायच्या सुमारास बहीण हट्टानं भेटायला आली. खोलीत चहूकडं बघितलं आणि काकडत म्हणाली, "दादा, माझा स्वेटर दे ना. मी तुझ्यासाठी विणलेला, एक बाही लांब झालेला."

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"फाटला का?"

"टाकला. गेल्या वर्षी."

"का रे?"

"माझ्यामागं तुला पसारा नको म्हणून. लोक नको नको म्हणतात गं."

"लोक म्हणतात. मला विचारलंस?"

किती परक्या बहिणींना त्यानं फोन करून विचारलं होतं. हिला तेवढं विचारायचं राहिलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं एकुलत्या एक कपात तिला चहा दिला आणि स्वतः वाटीतून प्यायला.

विमानतळावर निरोप घेताना तिनं अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

"कशाला? उगाच एक वस्तू वाढली."

"वाढू दे. आवरायला मी येणार आहे ना? मग मला आवरायला काहीतरी ठेव."

घरी येऊन तो शाल अडकवायला खिळा शोधू लागला. एकही सापडेना. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं शेजारचं दार वाजवलं, खिळा आणि हातोडी मागायला.