रोबोटांचे वस्ताद

टीव्हीवर रोबोटांच्या झुंजीचा तो सिनेमा लागला, की वस्ताद सोफ्यावरून खाली उतरून शड्डू ठोकायचे. साठीतला माणूस, चितेगावच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला. गारखेड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. सिनेमा डझनभर वेळा पाहिलेला, तरी पडद्यावरच्या रोबोटाला ओरडून सांगायचे, "अरे, पट काढ की! नुसता उभा राहिलाय येड्यासारखा!" आम्ही बिल्डिंगमधली पोरं हसून लोळायचो.

कॉलेजात मी झुंजीच्या रोबोटांच्या संघात गेले, तेव्हा ते आपण होऊन आमचे गुरू झाले. आमचा रोबोट म्हणजे चार चाकांची, पाटाएवढी लोखंडी पेटी. तिचा एकेक नट ते स्वतः आवळायचे. आम्ही तिला 'मशीन' म्हणालो तरी रागवायचे. "पैलवान म्हणा. अदब पायजे." मला म्हणायचे, "बाई, घाई नाय करायची. समोरच्याला आधी दमू द्यायचं." रिमोट माझ्या हातात होता, आणि संघातल्या निम्म्या मुलांना तो माझ्या हातात नको होता. पहिली झुंज हरले तर तो दुसऱ्याकडे जाणार, हे ठरलंच होतं.

हरले. जाळीच्या पिंजऱ्यात झुंज सुरू होताच आमची चाकं गुळगुळीत पत्र्यावर नुसती गरगरायला लागली. पेटी जागची हलेना. समोरच्यानं ढकलत नेऊन तिला कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकलं. "हिला चालवताच येत नाही," कुणीतरी म्हणालं. मी रिमोट खाली ठेवला. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात वस्ताद पुढे आले. "थांबा रे. चूक माझी हाय," ते म्हणाले. "आत सोडायच्या आधी मी चाकांना तालमीतली माती लावली. आमच्यात कुस्तीआधी अंगाला लावतात. त्यानं रबराची पकड गेली. बाईचा हात बरोबर व्हता."

त्यांना माती लावताना कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर कळलंही नसतं. उभा जन्म यंत्रांत काढलेल्या माणसानं विशीतल्या पोरांसमोर हे सांगितलं. इतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. रिमोट माझ्याकडेच राहिला.

पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो. तोवर वस्ताद लेकीकडे पैठणला राहायला गेले होते; गुडघ्यांनी जेरीस आणलं होतं. मी पिंजऱ्याजवळूनच फोन लावला आणि शाबासकीची वाट पाहत राहिले.

"समोरचा पैलवान लई मोडला का?" त्यांनी विचारलं.

"चाक तुटलं त्याचं, वस्ताद."

"मग फोनवर काय करायलीस? जा, उठव त्याला."

फोन बंद. मी पाना घेऊन हरलेल्या पोरांच्या टेबलाशी गेले. ती संशयानं माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बसले आणि त्यांचं तुटलेलं चाक हातात घेतलं.