भाऊजींचा उजवा डोळा

माझे थोरले दीर सुतार. गल्लीत त्यांना ‘ओळंबा’ म्हणतात, आणि ते नाव काही लाडानं ठेवलेलं नाही. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी आधी भिंतीवरचा फोटो सरळ करतील, मग कपाला हात लावतील. फळीचा काठ बघायचा तो डावा डोळा मिटून, उजव्यानं. उजवा मिटायला गेले की त्यांचे दोन्ही मिटतात. त्यामुळे आयुष्यभर सगळा कारभार उजव्याकडेच.

नेमका त्याच डोळ्याच्या आतला पडदा सुटला. ऑपरेशन करून तो जागेवर बसवला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समजावलं, “पडदा सुटला की आत दाह होतो. पेशी काही द्रव्यं सोडतात, जखम भरायला हाका मारल्यासारखी. कधी ही भरणी जास्तच होते. पडद्यावर व्रण धरतो, तो आवळत जातो आणि पडद्याला चुण्या पडतात. सरळ रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी या.”

“म्हणजे फळीला एकाच बाजूनं रंग दिला की ती वाकते, तसं,” भाऊजी म्हणाले.

बाई हसल्या. इतकं स्वच्छ समजलं होतं भाऊजींना, म्हणून तर मला जास्त राग येतो.

कारखाना दोघा भावांचा. भाऊजी कामावर परतले तेव्हा आमच्या ह्यांनी एका बँकवाल्यांच्या कपाटाची दारं तयार ठेवली होती. भाऊजींनी दार उचललं, डावा डोळा मिटला.

“काठाला पोट आलंय.”

“पट्टी लावून बघ, दादा. मी लावलीय, सरळ आहे.”

“पट्टी काय बघायची? जन्म गेला रंधा ओढण्यात, पण याचा हात काही वळला नाही. घरी बस तू आता.”

हे बँकवाल्यांच्या देखत. ह्यांनी कानावरची पेन्सिल बाकावर ठेवली आणि निघून आले. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामाला लागले. घरात मात्र अवाक्षर काढेनात.

भाऊजींनी ती दारं स्वतः रंधली, डोळ्याचं समाधान होईपर्यंत. पुढच्या आठवड्यात बँकवाले दारं परत घेऊन आले. बंद केली की मधे बोटभर फट राहत होती. भाऊजींनी काठाला दोरी ताणून धरली, तर दोरीलाही पोट. ताणलेली दोरी वाकत नाही, हे सुताराला कुणी सांगायला नको. त्यांनी तळव्यानं उजवा डोळा झाकला. दोरी सरळ झाली. जाऊबाई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी विचारलं तर म्हणे, “धूळ गेली.”

त्याच पावली दवाखाना गाठायला हवा होता. पण तिथं जायचं म्हणजे धाकट्याची दारं सरळ होती हे चारचौघांत कबूल करायचं. त्यापेक्षा ते सर्दीचं निमित्त करून घरात बसून राहिले, महिनाभर. शेवटी डोळ्यात खालून काळी सावली चढली, ते दारावर आपटले आणि जाऊबाईंनी आम्हाला बोलावलं. जाऊबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून भाऊजींना दवाखान्यात न्यायला ह्यांच्याबरोबर मी गेले.

“वाकडं कधीपासून दिसतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कालपासून.”

बाईंनी डोळ्यात नीट पाहिलं. “हा व्रण कालचा नाही. खरं सांगा, पुढचं त्यावर ठरतं.”

भाऊजींची मान खाली गेली. ह्यांच्याकडे न बघता ते म्हणाले, “याला घरी बस म्हटलं, तेव्हाच वाकडं दिसत होतं. कळलं नंतर, दोरी धरली तेव्हा. याची दारं सरळ होती. मीच बिघडवली.”

“मग लगेच का नाही आलात?”

“लाज वाटली.”

बाई म्हणाल्या, पुन्हा ऑपरेशन करून व्रण सोलून काढता येईल. चालण्या-फिरण्यापुरतं कदाचित दिसेल, पण या डोळ्यानं फळीचा काठ आता कधीच बघता येणार नाही. भाऊजींनी नुसती मान हलवली. आमचे हे काहीतरी धीराचं बोलतील म्हणून मी वाट बघत होते.

“मला ठाऊक होतं, दादा,” हे म्हणाले. “पट्टी लावली त्याच दिवशी कळलं होतं की तुझा डोळा बिघडलाय. म्हटलं, येईल आपणहून माफी मागायला. वाट बघत बसलो.”

आणि मी इतके दिवस चिडत होते ती एकट्या दिरावर.