दुपारचा भुताचा सिनेमा आणि आप्पांची वाईन

वाईन हा शब्द आमच्या घरात आईसमोर काढायची सोय नव्हती. माझे वडील, आप्पा, कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. दिवसभर उसाच्या रसाशी झटापट करून आलेला माणूस घरी पुन्हा द्राक्षांच्या रसामागे का लागतो, हे तिला कळत नसे. आप्पा ती वाईन गोटी सोड्याच्या बाटल्यांत भरत. आतला गॅस गोटी वर दाबून धरतो, बूच लागत नाही, अशी त्यांची अक्कल. परमिटचा पत्ता नव्हता. "एक दिवस पोलीस येतील," आई म्हणायची. "त्यांनाही देऊ," आप्पा म्हणायचे.

त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये एका रविवारी कारखान्याच्या कॉलनीच्या क्लबात एक भुताचा सिनेमा आला. दाखवायचा होता संध्याकाळी, मैदानावर. पण 'रिळं तपासून बघतो' अशी थाप मारून आप्पांनी प्रोजेक्टर दुपारीच घरी आणला. खिडक्यांना घोंगड्या, भिंतीवर चादर. उकाड्यानं जीव जात होता, पण हौसेला मोल नसतं. आप्पांचं शास्त्र ठरलेलं: भुताच्या सिनेमाला चहा कामाचा नाही. घसा कोरडा पडतो, तेव्हा फसफसणारंच काहीतरी हवं, आणि तेही भूत दिसून गेल्यावर. बाटल्या ओल्या गोणपाटात, घमेल्यात ठेवल्या होत्या. गोटी दाबायचं काम माझ्याकडे.

पहिलं रीळ लागतंय तोच दारात दोन माणसं उभी. जामखेडकडचा मुलगा आणि त्याचा मामा. ते मला बघायला सोमवारी येणार होते. मुलगा दुष्काळी कामावर ओव्हरसियर, रविवारशिवाय सुट्टी नाही, म्हणून सोमवारऐवजी रविवारी येत असल्याचं कार्ड त्यांनी टाकलं होतं. ते आम्हाला नंतर, मंगळवारी मिळालं.

याआधी दोन स्थळं मोडली होती ती माझ्या तोंडामुळे. मला लग्न नको होतं असं अजिबात नाही. नगरच्या कॉलेजात माझं बी.ए.चं एकच वर्ष राहिलं होतं, आणि ते सोडून लग्न नको होतं, एवढंच. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "कॉलेजचं नाव काढलंस तर बघ. आणि बाटलीत काय आहे विचारलं तर सरबत म्हण."

प्रोजेक्टर पाचच्या आत परत द्यायचा होता, त्यामुळे सिनेमा थांबवणं शक्य नव्हतं. "बसा, आधी सिनेमा," आप्पा म्हणाले. मामा खूश. "भुताचा हाय व्हय? लई बेस!" ते पुढे आप्पांशेजारी बसले. मुलगा मात्र सगळ्यात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर, माझ्या घमेल्यापाशी. असा माझा बघण्याचा कार्यक्रम मिट्ट काळोखात सुरू झाला.

विहिरीतून पांढऱ्या पातळातली बाई वर आली. मी गोटी दाबली, फस्स झालं, आणि शेजारची खुर्ची कडकन वाजली. मी पेला पुढे केला. अर्धा पिऊन झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "काय हाय हे?"

सरबत हा शब्द जिभेवर होता. पण अंधारात कोणाचा चेहरा दिसत नसला की खोटं बोलायचं कारणच उरत नाही. "वाईन आहे," मी म्हणाले. "आप्पा घरी करतात. आई म्हणाली, सरबत म्हण."

त्यानं पेला खाली ठेवला. तिसरंही स्थळ गेलं, असं मी धरून चालले.

"मग मी बी सांगतो," तो म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय. मामाला सांगू नका, जन्मभर चिडवंल."

मला मोठ्यानं हसू आलं, नेमकं नायिकेचा गळा आवळला जात असताना. पुढून आई खाकरली. तो मला तिथेच आवडला, आणि मी अजून त्याचे नाकडोळेही नीट पाहिले नव्हते.

घोंगड्या निघाल्या तेव्हा सगळे घामानं निथळत होतो. मामांचा तिसरा पेला चालू होता. "इचार की पोरीला काय इचारायचं ते," ते म्हणाले.

"मला न्हाई काई. त्यास्नी इचारायचं असंल तर इचारू द्या."

आईनं डोळे वटारले. मी विचारलंच. "माझं कॉलेजचं एक वर्ष राहिलंय. करू द्याल?"

तो लगेच हो म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. त्यानं कपाळ पुसलं. "आईला सांगायचं म्हंजी जिवावर येतंय. पर सांगतो."

'कळवतो' म्हणून ते गेल्यावर आई कपाळाला हात लावून बसली. मी तिच्यावर चिडले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होतीच. मागचे दोघेही 'कळवतो' म्हणूनच गेले होते.

बारा दिवसांनी आप्पांच्या नावे पत्र आलं. आईनं ते खिडकीशी उभं राहून मोठ्यानं वाचलं. 'कॉलेज जूनमध्ये कधी उघडते ते कळवावे, म्हणजे त्याआधीचा मुहूर्त धरता येईल. आई चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती. काल बोलली.' मुलगी पसंत आहे, हे खाली एका ओळीत होतं.

आईनं पत्राची घडी घातली. मग स्टूल ओढलं आणि तिनंच माळ्यावर टाकलेली माझी पुस्तकं ती एकेक करून खाली काढायला लागली.